शब्दचर्चा : 'कॉस्मो सोसायटी', 'फॅमिली' आणि घर नाकारण्याची भाषा

डोंबिवलीकर
ठाण्यात भाड्याने घर बघतोय. एजंटने पाठवलेल्या यादीत काही ठिकाणी 'कॉस्मो सोसायटी' असं लिहिलंय. एका ठिकाणी 'ओन्ली फॅमिली, नो बॅचलर्स, प्युअर व्हेज'. बाकीचं समजलं, पण कॉस्मो म्हणजे नेमकं काय? आणि या सगळ्या प्रकाराला मराठीत शब्द कोणता वापरावा? एका बातमीत 'गृहनिर्माण भेदभाव' वाचलं, ते कानाला खटकलं.

समुद्रफेस
कॉस्मो म्हणजे कॉस्मोपॉलिटन. एजंटच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की इथे मुसलमान, ख्रिश्चन भाडेकरू चालतात आणि मासळी-मटण शिजवलेलं चालतं. 'नॉन-कॉस्मो' असंही सर्रास बोलतात. खरं तर मुंबईसारख्या शहरात कुठलीही इमारत अशीच असायला हवी. तिला वेगळं विशेषण लावावं लागतं, यावरून बाकीच्या इमारतींत काय चालतं ते कळतं.

पागोळी
'गृहनिर्माण' खटकतं ते बरोबरच आहे. निर्माण म्हणजे बांधणं. 'सहकारी गृहनिर्माण संस्था' या नावामुळे तो शब्द घराशी संबंधित कशालाही चिकटवायची सवय लागली. बांधून तयार असलेल्या घरात कोणाला राहू द्यायचं नाही, हा मुद्दा त्यात येतच नाही.

मी स्वतः 'घर नाकारणं' असंच लिहिते. त्याला कारण आहे. 'भेदभाव' म्हटलं की बोलणं मनातल्या भावनेवर जातं, आणि समोरचा लगेच म्हणतो, "आमच्या मनात तसं काही नाही हो, पण सोसायटीचे नियम आहेत." 'नाकारलं' म्हटलं की कोणी नाकारलं, कोणाला आणि कशावरून, ही तिन्ही उत्तरं द्यावी लागतात. कायदाही कृतीच बघतो.

आता या जाहिरातींतले शब्द बघा. 'बॅचलर' म्हणजे मराठीत आपण अविवाहित पुरुष समजतो. भाड्याच्या बाजारात 'लेडीज बॅचलर' असतात, पन्नाशीची घटस्फोटित बाईही बॅचलर असते, आणि बायको-मुलं गावी असलेला माणूसही बॅचलरच. म्हणजे लग्न झालंय की नाही याच्याशी त्या शब्दाचा फारसा संबंध उरलेला नाही. जिच्यावर लक्ष ठेवावं असं शेजाऱ्यांना वाटतं ती कुठलीही व्यक्ती, असा तो अर्थ झालाय.

'प्युअर व्हेज'चंही तेच. मला ओळखीच्या एका मुलीचं फोनवरचं बोलणं जवळ बसून ऐकायला मिळालं. ती जन्मापासून शाकाहारी. एजंटने आधी खाणं विचारलं, ती म्हणाली व्हेज. मग "पूर्ण नाव सांगा". तिने सांगितलं. थोडं थांबून "आडनाव परत सांगा जरा". आणि मग "मालकांना विचारून कळवतो". संध्याकाळी तिनेच फोन केला तेव्हा टोकन दिलं गेलं होतं म्हणे. ती जाहिरात पुढेही दिसत राहिली. आहाराचा प्रश्न असता तर पहिल्याच उत्तरावर मिटला असता. विचारायचं होतं ते आडनाव.

आणि हे फक्त गुजराती-मारवाडी मालक करतात असं समजून कोणी हात झटकू नयेत. मासे खातात म्हणून मराठी माणसाला घर नाकारलं की आपल्याला संताप येतो, यावा. पण आपल्याच मराठी घरमालकांच्या तोंडी "म्हणजे मूळचे कुठले?" हा प्रश्न किती सहज येतो, तेही सगळ्यांना माहीत आहे.

डोंबिवलीकर
मग हे बेकायदा नाही का?

पागोळी
कोणत्या कारणावरून नाकारलं त्यावर अवलंबून आहे, आणि हीच आपल्याकडची मोठी उणीव आहे.

अस्पृश्यतेच्या कारणावरून असेल तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण अधिनियम आहे. कोणत्याही वस्तीत घर बांधणं, घेणं, त्यात राहणं याला आडकाठी केली तर कलम ४ खाली गुन्हा होतो. त्याच कायद्यात 'बहिष्कार' म्हणजे काय ते सांगताना घर किंवा जमीन भाड्याने द्यायला नकार देणंही त्यात धरलंय. आपल्या 'वाळीत टाकणं' या शब्दाच्या किती जवळचं आहे बघा. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा आहे. दोन्हींत राहण्याचा, विकत घेण्याचा, भाड्याने घेण्याचा हक्क नाकारण्याला स्पष्ट मनाई आहे.

पण धर्म, आहार किंवा एकटं राहणं यावरून खासगी मालकाने घर नाकारलं तर थेट बोट ठेवता येईल असा देशव्यापी कायदा नाही. घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते आहेत, घर नाही. त्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा उपविधी, म्हणजे संस्थेचा स्वतःचा नियम, वैध ठरवला. संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याचा आधार तिथे मोठा ठरला. मला तो निकाल आजही पटत नाही. काहीशे माणसं मिळून शहराचा एक तुकडा बंद करून घेतात, तेव्हा बाहेर राहिलेल्याच्या स्वातंत्र्याचं काय, याचा विचार त्यात अपुरा वाटतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही मुस्लिमांना घर मिळवताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे.

एडिसनकर
अमेरिकेतून एक भर. ठरावीक कारणांवरून घर नाकारायला मनाई करणारा इथला 'फेअर हाउसिंग' कायदा १९६८ चा. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिलला झाली आणि ११ एप्रिलला त्यावर सही झाली. सुरुवातीला वंश, रंग, धर्म आणि मूळ देश एवढीच कारणं होती, १९७४ मध्ये लिंग आलं, १९८८ मध्ये अपंगत्व आणि मुलंबाळं असणं.

शब्दाच्या दृष्टीने शेवटचं फार रोचक आहे. मुंबईत 'फॅमिली' असणं ही पात्रता. इथे लहान मुलं असलेल्या कुटुंबालाच मालक टाळत, म्हणून कायद्याला त्यांचं संरक्षण करावं लागलं. ज्येष्ठांसाठी राखीव वसाहती सोडल्या तर 'मुलं नकोत' असं लिहिता येत नाही. शिवाय मालक स्वतः राहत असलेल्या चार बिऱ्हाडांपर्यंतच्या इमारतीला इथे बरीच सूट आहे, पण भेद करणारी जाहिरात छापायची सूट तिलाही नाही. 'फेअर हाउसिंग'ला आमच्या मंडळात 'न्याय्य निवास' म्हणतात. बोलताना मात्र कोणी वापरत नाही.

समुद्रफेस
'न्याय्य निवास' कागदावर ठीक. बोलण्यात 'घर नाकारणं'च टिकेल.

घर विकत घेणाऱ्यांसाठी एक शब्द सांगून ठेवतो : मानीव सदस्य. 'मानीव अभिहस्तांतरण' (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे इमारत-जमिनीची मालकी संस्थेच्या नावावर होणं) यातला मानीव तोच, म्हणजे कायद्याने तसं झालंच असं मानायचं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २२ प्रमाणे सभासदत्वाच्या अर्जावर संस्थेने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं धरलं जातं. कलम २३ म्हणतं, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारू नये. नाकारलंच तर सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे (रजिस्ट्रारकडे) अपील करता येतं.

डोंबिवलीकर
आणि माझ्यासारख्या भाडेकरूने काय करायचं? इथला सेक्रेटरी म्हणतो, एनओसीशिवाय आत घेणार नाही.

पागोळी
सेक्रेटरीला विचारा, "ना हरकत दाखला लागतो हे कोणत्या उपविधीत आहे?" सरकारने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने भाडेकरूची माहिती संस्थेला आगाऊ *कळवायची* असते. कळवणं आणि परवानगी मागणं यांत फरक आहे. बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः राहत नाही म्हणून संस्था त्याच्याकडून घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, 'बॅचलर आहेत म्हणून डबल' असं चालत नाही. नकार आला तर तो लेखी मागा, कारणासह. तोंडी नकार पुढे कोणीच कबूल करत नाही. कारण कागदावर आलं की ते जातीचं आहे, लिंगाचं आहे की नुसतीच मनमानी आहे ते ठरवता येतं, आणि पोलिसांत जायचं की उपनिबंधकाकडे, तेही.