विषय: कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या किनाऱ्यावरचा ओहोटीचा वर्ग, तारखा कशा काढायच्या?

नमस्कार मंडळी,
ओशर संस्थेत पन्नाशीपुढच्यांसाठी वर्ग असतात, ना परीक्षा ना गुण. तिथे मांडायला सहा आठवड्यांचा ‘ओहोटी आणि खडकांतले जीव’ हा वर्ग आखतो आहे. हिवाळ्यात, दर बुधवारी दुपारी. शेवटचे दोन बुधवार किनाऱ्यावर. कोकणातल्या हिशोबाने (तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, पुढे सहा तासांनी ओहोटी) तारखा काढल्या तर चालेल का?

---

काका,
वेळ ढोबळमानाने जुळेल, पण ओहोटी किती खोल हे तिथीवरून कळणार नाही. इथे एकाच दिवसाच्या दोन ओहोट्यांत मोठा फरक असतो: एक उणे १ फुटावर (भरतीच्या तक्त्यातल्या शून्य पातळीच्या फूटभर खाली), तर दुसरी दोन-अडीच फुटांवरच थांबते. चंद्र-सूर्य विषुववृत्तापासून दूर सरकले की हा फरक वाढतो. खोल ओहोटी उन्हाळ्यात पहाटे आणि हिवाळ्यात दुपारी येते, म्हणून तुम्ही निवडलेला हंगाम उत्तम.

लागोपाठचे दोन बुधवार मात्र नकोत. एका बुधवारी उधाण (मोठी भरती, खोल ओहोटी) असेल तर पुढच्या बुधवारी भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरक थोडा, खडक उघडेच पडणार नाहीत. चौथा आणि सहावा आठवडा घ्या. चौदा दिवसांनी ओहोटी साधारण अर्धा-पाऊण तास अलीकडे येते. आधी किनाऱ्याच्या तारखा पक्क्या करा, मग त्याभोवती वर्ग बसवा.

‘नोआ’ या अमेरिकेच्या सरकारी समुद्र-हवामान संस्थेच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात माँटेरे स्थानक पाहा. उणे अर्ध्या फुटाच्या खाली जाणारे दिवसच धरा. उन्हाळ्यात कधी वर्ग घेतलात तर उन्हाळी वेळेचा (घड्याळ तासभर पुढे) पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर सगळे तासभर चुकतील. ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं, पाण्यामागे खाली जायचं आणि ओहोटीच्या क्षणी परत फिरायचं. डिसेंबरात पाचच्या आतच सूर्य मावळतो, हेही धरा.

---

ताईंनी सांगितलं त्यात एक भर. तक्ता लाटांबद्दल काही सांगत नाही, आणि हिवाळ्यातच इथे दुरून लांब लाटा येतात. बऱ्याच वेळ शांत, मग अचानक तीन-चार मोठ्या. म्हणून उतरण्याआधी वरून वीस मिनिटं नुसतं पाहायचं. ज्या खडकावर त्या वेळात पाणी चढलं, तिथे जायचं नाही. तरंगकाच्या (समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या उपकरणाच्या) नोंदीत लाटांमधलं अंतर पंधरा सेकंदांच्या वर असेल, तर सहल रद्द करा. त्यासाठी राखीव तारीख आधीच ठेवा.

रबरी तळाचे, घोट्यापर्यंतचे बूट हवेत. शेवाळावर चपला घसरतात. समुद्राकडे पाठ करायची नाही. इथला असिलोमारचा किनारा राखीव क्षेत्र आहे, तिथला रिकामा शिंपलाही उचलू नका. उलटवलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, खालचे जीव उन्हात मरतात.