गावातल्या सगळ्या बचत गटांना मिळून एक मोठं किचन करायचंय, ग्रँट कुठून मिळेल? (बेळगाव तालुका)

येळ्ळूरची_सून
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज. आमच्या गावात बायकांचे बरेच गट आहेत, कोण कडक भाकऱ्या करतं, कोण शेंगापोळी, कोण चटणी-मसाला, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी बेळगावातून एवढ्या येतात की घरच्या गॅसवर निभत नाही आणि घरात सासऱ्यांना मसाल्याचा ठसका लागतो ते वेगळंच. तर आमचं म्हणणं असं की पंचायतीचं एक जुनं समुदाय भवन रिकामं पडलंय तिथं सगळ्यांना मिळून एक किचन करायचं, मोठ्या भट्ट्या, मसाला दळायचा पल्वरायझर, पॅकिंग मशीन, आणि ज्याला पाहिजे त्यानं तासावर भाडं देऊन वापरायचं. एका ओळखीच्या माणसानं अंदाज दिलाय 20 लाखांचा. तो म्हणतो सरकारची ग्रँट मिळते, अर्धे पैसे फुकट, फाईल करायचे मला पंचवीस हजार द्या. खरंच असं काय हाय का? आणि आम्ही महाराष्ट्राच्या योजनेत बसतो का? कारण माझी बहीण चंदगडला हाय ती म्हणते तिकडं लगेच होतं.

निपाणीकर
ताई, पहिलं म्हणजे त्या माणसाला एक रुपया देऊ नका. तो जी योजना सांगतोय ती पीएमएफएमई असणार, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची, केंद्राची, 2020 ला सुरू झाली. त्यात फाईल करून द्यायला जिल्ह्यात डीआरपी म्हणजे रिसोर्स पर्सन नेमलेले असतात, त्यांना प्रत्येक मंजूर कर्जामागं सरकारच 20 हजार मानधन देतं, ते आपल्याकडून घ्यायचे नसतात. डीआरपीचा नंबर रयत संपर्क केंद्रात नाहीतर जिल्ह्याच्या कृषी खात्यात मागा, कर्नाटकात ही योजना राज्याचं कॅपेक महामंडळ बघतं आणि जिल्ह्याला कृषी खातं.

आता "अर्धे पैसे फुकट". कर्नाटकात वैयक्तिक युनिटला केंद्राचे 35 टक्के आणि राज्याचे वरचे 15 असे मिळून 50 टक्के, जास्तीत जास्त 15 लाख, हे खरं. पण तुमचं प्रकरण वैयक्तिक नाही, सामायिक सुविधेचं हाय. त्याला 35 टक्के, मर्यादा 3 कोटी. अर्ज बचत गट, गटांचं फेडरेशन, एफपीओ म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संघ करू शकतो, पाच बायका मिळून नुसतं नाव देऊन जमणार नाही. आणि ते किचन बाकीच्या उद्योगांना भाड्यानं वापरायला खुलं पाहिजे, तुमची आयडिया तीच हाय त्यामुळं तिथं अडचण नाही.

आणखी एक, बेळगाव जिल्ह्याचं ओडीओपी, म्हणजे एक जिल्हा एक उत्पादन, गूळ आहे. गुळाचं काहीतरी, म्हणजे गुळाची चिक्की, शेंगापोळी, तिळाचे लाडू, काकवी पॅकिंग असलं प्रोजेक्टमध्ये ठळक लिहिलात तर प्राधान्य मिळतं. शेंगापोळी तर तुम्ही करताच की, मग रिपोर्टमध्ये ती पाचव्या पानावर कशाला ठेवायची.

मुदत मात्र बघा, योजना वाढवून 2025-26 पर्यंत केली होती, तेव्हा कागद जमवायच्या आधी पोर्टल अर्ज घेतंय का ते डीआरपीला विचारून घ्या.

सीमेवरचा_पावणा
महाराष्ट्राचं मी सांगतो कारण हा प्रश्न आमच्याकडं दर महिन्याला कोणतरी विचारतंय. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना काही गोष्टी दिल्यात, 2023 ला महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, शिक्षणात जागा ठेवल्यात. पण उद्योगाची सबसिडी ही युनिट ज्या राज्यात उभं राहतं तिथूनच येते. किचन येळ्ळुरात आणि अर्ज कोल्हापुरात असं होत नाही. पीएमएफएमई दोन्हीकडं केंद्राचीच हाय, म्हणून बहिणीला चंदगडमध्ये मिळतंय तेच तुम्हाला इथं मिळणार, फक्त कागद कानडीत. पंचायतीचा ठराव कानडीत लागतो म्हणून घाबरू नका, पीडीओ म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी स्वतः लिहून देतात, तुम्ही फक्त काय लिहिलंय ते कोणाकडून तरी वाचून घ्या सही करायच्या आधी.

हिशेबनीस
सगळेजण टक्के सांगायलेत, पैसे कधी मिळतात ते कोणीच सांगेना. सबसिडी तुमच्या हातात येत नाही. आधी बँक कर्ज देते, मग सबसिडी बँकेत वेगळ्या खात्यावर पडून राहते, शेवटचा हप्ता उचलल्यापासून 3 वर्षं खातं सुरळीत आणि युनिट चालू असेल तरच ती कर्जातून वजा होते. तोवर तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही एवढाच फायदा. मधेच खातं थकलं तर सबसिडी विसरायची.

तुमचे 20 लाख धरूया. स्वतःचे निदान 10 टक्के धरा, म्हणजे 2 लाख गटांकडून. बँकेचं कर्ज 18 लाख, त्यातले 7 लाख सबसिडीचे, राहिले 11 लाख. 11 टक्के व्याज आणि 7 वर्षं धरलं तर महिन्याला साधारण 19 हजारांचा हप्ता. त्यावर लाईट, पाणी, झाडलोट करणारी बाई, दुरुस्ती, भवनाचं भाडं असेल तर ते, असे आणखी 16 हजार पकडा. 35 हजार झाले. महिन्यात 25 दिवस किचन चाललं तर रोजचे 1400, सकाळ-दुपार दोन पाळ्या केल्या तर एका पाळीला 700. तीन जणी मिळून पाळी घेतली तर प्रत्येकी सव्वादोनशे-अडीचशे. आता गटातल्या बायकांना बसवून विचारा, कडक भाकरीच्या एका पाळीत एवढं भाडं देऊन हातात काय उरतंय. आणि हे 25 दिवस भरलेले धरलेत. आमच्याकडं दिवाळीच्या आधी दोन आठवडे आणि लग्नसराईत मारामारी असते, आणि भाद्रपदात कुलूप. बँकेचा मॅनेजर चांगला असेल तर हाच प्रश्न विचारतो, वाईट असेल तर विचारत नाही आणि फाईल पाडून ठेवतो.

माझं मत विचाराल तर आधी 20 लाखांचं डोक्यातून काढा. त्याच योजनेत संजीवनीच्या, म्हणजे सरकारच्या ग्रामीण उपजीविका अभियानातल्या, गटांना सीड कॅपिटल मिळतं, अन्नप्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सभासदाला 40 हजारांपर्यंत, खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी. ते फेडरेशनला ग्रँट म्हणून येतं आणि सभासदाला कर्ज म्हणून मिळतं, म्हणजे पैसा फिरत राहतो. दहा जणी अन्न करणाऱ्या निघाल्या तर 4 लाख झाले. त्यात दोन भट्ट्या, एक पल्वरायझर, सीलिंग मशीन येतंय. एक वर्ष चालवून दाखवा, मग बँकेत जाताना बुकिंगची वही घेऊन जा. ती वही कोणत्याही प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा जड पडते.

येळ्ळूरची_सून
बापरे, हे 3 वर्षांचं कोणी सांगितलंच नव्हतं! त्या पंचवीस हजारवाल्याला आजच नाही म्हणून कळवते. पण दादा, गावात दुसऱ्या एका संघाचे गट आहेत त्यातल्या बायकांचं काय? त्या संजीवनीत नाहीत. आणि समुदाय भवनाबद्दल पीडीओ म्हणतात "वापरा की", तोंडी. एवढ्यावर चालतंय का?

खानापूरची_मावशी
नाही ग बाई, तोंडी काहीच चालत नाही, अध्यक्ष बदलला की "वापरा की"चं "रिकामं करा" होतं. पंचायतीच्या मीटिंगमध्ये ठराव घ्या, मग भाडेकरार करा, निदान कर्जाच्या वर्षांएवढा, आणि इमारतीचा ई-स्वत्तू म्हणजे पंचायतीचा ऑनलाईन मालमत्ता उतारा आहे का ते बघा. बऱ्याच जुन्या भवनांचा उतारा निघतच नाही कारण जागा गावठाणात की गायरानात हेच ठरलेलं नसतं. आमच्या इथं एका गटाचं मशीन येऊन पडलं आणि इमारतीचे कागद होईनात म्हणून तीन फेजचं मीटर मिळेना, तशी फजिती करून घेऊ नका. जागा आणि लाईट आधी, मशीन नंतर.

संघातल्या बायकांचं, त्या भाडेकरू म्हणून येऊ देत ना. सगळ्यांनी एकाच फेडरेशनमध्ये शिरायला पाहिजे असं थोडंच आहे. उलट बाहेरच्या येतात हे बँकेला दाखवायला बरं.

आता किचनचं खरं सांगते कारण वरचे दादालोक हिशेब छान करतात पण भाकरी थापत नाहीत. मसाला आणि शेंगापोळी एका दिवशी एका खोलीत होत नाही. मिरची कुटली की त्या खोलीत संध्याकाळपर्यंत बसवत नाही आणि पोळीला वास लागतो. एकतर पल्वरायझर वेगळ्या खोलीत बाहेरच्या बाजूला एक्झॉस्ट लावून, नाहीतर मसाल्याचा वार ठरलेला. प्रत्येक गटाला कुलपाचं कपाट द्या नाहीतर तेलाच्या डब्यावरून भांडणं ठरलेली. आणि आमच्याकडं खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, पापड-शेवयांना ड्रायर नसेल तर जून ते सप्टेंबर कायच होत नाही, येळ्ळुरात जरा बरं असेल पण ड्रायर यादीत टाकाच.

फूड लायसन जागेला असतं, ते विसरू नका. घरच्या पत्त्यावर रजिस्ट्रेशन असलेल्या बाईनं किचनमध्ये माल केला तर तो घरचा पत्ता पाकिटावर छापून चालत नाही. आम्ही फेडरेशनच्या नावानं किचनच्या पत्त्यावर एकच काढलं, माल सगळ्यांचा एका ब्रँडखाली. वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असताना नुसतं रजिस्ट्रेशन पुरत होतं, वर्षाला 100 रुपये, वर गेल्यावर स्टेट लायसन घेतलं आणि त्याला पाण्याचा टेस्ट रिपोर्ट लागला. बोअरचं पाणी असेल तर आताच तपासून घ्या. सिलिंडर पण 19 किलोचा कमर्शियल, घरचा लाल आणून लावला तर इन्स्पेक्टर पहिलं तेच बघतो.

कॉर्पोरेट_गुलाम
सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्या समाजकामाला देतात त्या पैशांबद्दल, कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. कंपन्यांकडून फंड घ्यायचा तर बचत गट थेट चालत नाही, ट्रस्ट किंवा सोसायटी लागते, इन्कम टॅक्सच्या 12ए, 80जी नोंदण्या आणि एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी. हे नव्यानं करत बसू नका, नोंदणी असलेली एखादी जुनी संस्था बेळगावात धरा. आणि कंपनीकडं 20 लाख मागू नका, ड्रायर मागा किंवा सोलर मागा. एक वस्तू, एक कोटेशन, वर बोर्ड लावायला जागा. असलं लवकर पास होतं.

नाबार्डचे जिल्हा अधिकारी पण भेटा, त्यांच्याकडं गटांना उद्योगाचं ट्रेनिंग द्यायला पैसे असतात. मशीनला नाही, पण लेबल, पॅकिंग, हिशेब शिकवून होतंय.

येळ्ळूरची_सून
मावशी, मिरचीचं अगदी बरोबर, ते कोणाच्याच डोक्यात नव्हतं. पुढच्या आठवड्यात पंचायतीची मीटिंग आहे, ठरावाचा विषय घालायला अर्ज देते. ड्रायर सोलरचा घेऊ की करंटचा? आणि तुम्ही पाळीचं भाडं तासावर घेता की किलोवर?

खानापूरची_मावशी
पावसाच्या दिवसांत सोलर नुसता शोभेला, करंटचा घे. भाडं तासावर ठेव. किलोवर ठेवलंस तर वजन कोण करायचं यावरून रोज एक मीटिंग होईल.