हळदीच्या पाल्याचं आणि हळकुंडाचं तेल: जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, तेलातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) रिपोर्टमध्ये एवढी तफावत कशी?

भट्टीवाला_सांगली
एकाच रानातली सेलम जातीची हळद. पाल्याच्या तेलात अल्फा-फेलँड्रीन निम्म्याच्या आसपास आणि टर्मेरोन (हळकुंडाच्या तेलाचा मुख्य घटक) जवळपास नाहीच. हळकुंडाच्या तेलात (३ तास वाफ) आर-टर्मेरोन २८ टक्के, अल्फा-टर्मेरोन १४, बीटा-टर्मेरोन १२. तेच तेल अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये चार महिने राहिलं आणि आर-टर्मेरोन ३९ वर गेलं, अल्फा ५ वर आलं. खरेदीदाराला भेसळीचा संशय आहे. शिवाय कर्क्युमिनची (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाची) टक्केवारीही मागतोय. काय उत्तर देऊ?

तर्पीन
भेसळीची गरजच नाही, हे असंच होतं. पाल्याचं तेल मुख्यतः मोनोटर्पीनचं (हलक्या, लवकर उडणाऱ्या घटकांचं) असतं: अल्फा-फेलँड्रीन, टर्पिनोलीन, १,८-सिनिओल, पॅरा-सायमीन. कंदात सेस्क्विटर्पीन (जड, सावकाश उडणारे घटक): तिन्ही टर्मेरोन, झिंजिबेरीन, आर-कर्क्युमीन (हे पिवळं कर्क्युमिन नव्हे), बीटा-सेस्क्विफेलँड्रीन. झाड एक असलं तरी ही दोन वेगळी तेलं धरा आणि एका कॅनमध्ये कधीच ओतू नका.

अल्फा-टर्मेरोनच्या कड्यातले दोन हायड्रोजन गेले की ते आर-टर्मेरोन होतं. अर्धा कॅन रिकामा म्हणजे आत भरपूर हवा, त्यामुळे तुमचे आकडे अपेक्षित दिशेनेच सरकलेत. पाल्याच्या तेलातही जुनं होताना फेलँड्रीन घटतं आणि पॅरा-सायमीन वाढतं. गडद तपकिरी काचेची बाटली गळ्यापर्यंत भरा. त्याआधी निर्जल सोडियम सल्फेटवरून तेल कोरडं करून घ्या आणि बाटली थंड जागी ठेवा.

३ तास मात्र कमी आहेत. झिंजिबेरीन, आर-कर्क्युमीन आधी उतरतात, टर्मेरोन रेंगाळत मागून येतात. ६ ते ८ तास द्या. पाल्याला दीड-दोन तास पुरे, पण पाला हिरवा असताना घ्या. शेतात वाळून पिवळा पडलेल्या पाल्यात फारसं तेल उरत नाही.

वाफ_आणि_पाणी
भट्टीबद्दल थोडं. हळकुंडाची मैदा पूड करू नका. स्टार्च शिजून खळ होते, वाफेला वाट मिळत नाही, तळ करपतो आणि तेलाला जळका वास लागतो. रव्यापेक्षा जाड भरड ठेवा, ती जाळीवर पसरा, पाण्यात बुडवू नका. जेठे गड्डे (मधले मूळ कंद) आणि हळकुंडं वेगवेगळी चालवा, म्हणजे दोन लॉटचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. वाळलेल्या हळकुंडातून साधारण ३ ते ५ टक्के तेल मिळतं. बरंच कमी आलं तर आधी वेळ तपासा, मग भरड. हे तेल पाण्याहून थोडंसंच हलकं असतं, त्यामुळे कंडेन्सर बर्फासारखा थंड ठेवला तर रिसीव्हरमध्ये दुधाळ पाणी होऊन थर सुटत नाही. वाफ थंड होऊन येणारं पाणी कोमट येऊ द्या.

कर्क्युमिन वाफेबरोबर उडत नाही. खरेदीदाराला तेवढंच लिहून द्या. खात्री करायची तर टिपकागदावर तेलाचा थेंब आणि वर धुण्याच्या सोड्याचं पाणी. हळदीला खार लागला की कुंकवाचा रंग येतो. कागद लाल झाला तर भट्टी उतू जाऊन पिवळं पाणी तेलात आलंय, किंवा ते द्रावकाने काढलेलं आहे.

भट्टीवाला_सांगली
समजलं. कचोऱ्याच्या (हळदीच्याच कुळातल्या कंदाच्या) तेलात एका लॅबने कर्झेरीन भरपूर दाखवलं, दुसरीने फ्युरॅनोडाइन. नमुना एकच.

शिखर_मोजणारा
पहिल्या लॅबचा इंजेक्टर (यंत्राचं नमुना आत सोडायचं तापलेलं तोंड) किती अंशांवर होता ते विचारा. २५० अंशांवर फ्युरॅनोडाइन आतच रचना बदलून कर्झेरीन होतं (कोप पुनर्रचना). जर्माक्रोनचंही तसंच, त्यातून बीटा-एलेमेनोन निघतं. तापमान उतरवून, शक्य असल्यास थेट कॉलमवर नमुना सोडून पुन्हा करायला सांगा. कर्झेरीनचं आलेखावरचं शिखर आटलं आणि फ्युरॅनोडाइन वाढलं तर करामत इंजेक्टरची.

हळदीच्या रिपोर्टमध्येही एक खोच आहे. डीबी-५ कॉलमवर (जीसीमधली घटक वेगळे करणारी एक नेहमीची नळी) आर- आणि अल्फा-टर्मेरोन जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात. नुसतं लायब्ररी-मॅच (यंत्रातल्या नोंदींशी जुळणी) पाहून दिलेली टक्केवारी तिथे हमखास घसरते. आर-टर्मेरोनचा रेणूभार २१६, अल्फाचा २१८. एमएसमध्ये (मास स्पेक्ट्रोमेट्री, रेणूंचं वस्तुमान मोजणं) हे आयन वेगळे पाहिलेत का ते विचारा. सोबत अल्केन मालिकेवरून काढलेले रिटेन्शन इंडेक्स (घटक कॉलममधून कधी बाहेर पडतो त्याचे प्रमाणित आकडे) मागा. टक्केवारी एफआयडीवरची (ज्वालेत घटक जाळून मोजणाऱ्या शोधकावरची) हवी, आणि ती शिखरांच्या क्षेत्रफळाची असते, वजनाची नव्हे. खरेदीदाराची अट वजनाच्या टक्क्यांत असेल तर आर-टर्मेरोनचं प्रमाणित द्रावण लावून वेगळी मोजणी करावी लागेल. तिचा खर्च कोणाचा, हे आधी ठरवून घ्या.