भांडलेल्या भावांचे फसलेले सिनेमे: तुमचं कुठे बिनसलं?

गेल्या रविवारी एक सिनेमा पाहिला. दोन भाऊ, बारा वर्षांचा अबोला, वडील गेल्यावर घर विकायचं म्हणून चार दिवस एका छपराखाली. नट दोघेही चांगले, विषय माझ्या आवडीचा, म्हणून रुमाल घेऊन गेले होते. तो कोरडाच परत आणला. नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव बदलून हाच सिनेमा मी आधी तीनदा तरी पाहिलाय.

माझं घोडं अडलं ते भांडणाच्या कारणापाशी. दीड तास 'त्या रात्री जे झालं ते' एवढंच घोळवत ठेवलं आणि मग फ्लॅशबॅकमध्ये कळलं की धाकट्याने थोरल्याची खोटी सही केली होती. बरं, मग? कोड्याचं उत्तर मिळालं, पण माणसं होती तिथेच राहिली.

तुमचे अनुभव लिहा. भावाभावांचा कुठलाही सिनेमा चालेल. शेवट फोडलात तरी हरकत नाही, तो सगळ्यांना ठाऊकच असतो.

*

बहुधा तोच सिनेमा मीही पाहिला. माझं नि दादाचं सात वर्षं बोलणं नाही, तेव्हा मी जरा खडूस परीक्षक असणार हे आधीच सांगतो. त्यात दोघे स्वयंपाकघरात उभे राहून पाच मिनिटं आपापलं दुःख एकमेकांना समजावून सांगतात. पूर्ण वाक्यांत! ज्यांना इतकं नीट बोलता येतं त्यांचा अबोला बारा वर्षं टिकेल कसा?

आमच्याकडे निरोप वहिनीमार्फत येतात. "हे विचारत होते, आईच्या तपासणीचे कागद तुमच्याकडे आहेत का?" मी म्हणतो, "त्याला सांगा, आहेत." मागून दादाचं खाकरणं ऐकू येतं, म्हणजे फोन स्पीकरवर असतो. सिनेमातल्या वहिनीला तीन प्रसंग होते नि तिन्हींत ती खिडकीबाहेर बघत होती. अबोल्याचं अख्खं टपाल जिच्या हातून जातं तिला खिडकीत उभी केली, तिथेच मी सिनेमा सोडला. (मनातून. तिकिटाचे पैसे वसूल करायला शेवटपर्यंत बसलो.)

*

मी मध्यंतरानंतर झोपले. जाग आली तेव्हा दोघे मिठीत होते. "माझं काही बघायचं राहिलं का?" नवऱ्याला विचारलं. म्हणाला, "नाही. फक्त पाऊस सुरू झाला."

*

जुन्या सिनेमांना नाटकी म्हणून हसणाऱ्यांनी 'गंगा जमना' (1961) पुन्हा बघावा. दिलीपकुमार आणि नासिर खान हे खरोखरचे सख्खे भाऊ. पडद्यावर एक डाकू, दुसरा पोलीस, आणि शेवटी भावाचीच गोळी. 'दीवार' (1975) मध्येही गोळी भावाचीच. पण भाऊ का फाटले हे दोन्हींत आपल्या डोळ्यांसमोर घडतं, पोतडीत लपवून ठेवलेलं नसतं. 'दीवार'मधल्या पोराच्या हातावर 'मेरा बाप चोर है' असं जे गोंदलं जातं ते आपण आधीच पाहिलेलं असतं, म्हणून पुढे तो ज्या वाटेने जातो ती पटते. हल्ली समेटाची एवढी घाई असते की वडिलांना आजारी पाडतात तेच मुळी त्यासाठी.

*

वरच्या मुद्द्याला थोडा विरोध. समेट असूच नये असं नाही, तो फुकटात मिळू नये. 'रेन मॅन' (1988) मध्ये वडील तीस लाख डॉलर थोरल्यासाठी ठेवून जातात, आणि आपल्याला थोरला भाऊ आहे हेच धाकट्याला तोवर माहीत नसतं. थोरला स्वमग्न (ऑटिस्टिक), एका संस्थेत राहणारा; धाकटा पैशासाठी त्याला तिथून उचलून नेतो. चक्क लोभी माणूस! त्याचा लोभ लपवलेला नाही, म्हणून नंतरची माया खरी वाटते. आणि थोरला शेवटी ट्रेनने संस्थेत परत जातो, बरा वगैरे होत नाही. फसलेल्या सिनेमांत दोन्ही भाऊ पहिल्यापासून मनाने सोन्यासारखे असतात. मग दोन तासांत बदलायचं कोणी?

*

मी सिनेमातला नाही, हौशी नाटकवाला. एका एकांकिकेत धाकटा भाऊ केला होता. संहितेत आमच्या दोघांचा लांबलचक वादाचा प्रवेश होता आणि तालमीत तो रोज पडायचा. आवाज चढवला, रडून पाहिलं, काही होईना. शेवटी दिग्दर्शकाने आम्हाला पाठीला पाठ लावून बसवलं आणि सांगितलं, वाक्य म्हणण्याआधी समोरच्याचा श्वास ऐका. दोन दिवसांत निम्मी वाक्यं आपोआप गळाली. उरली त्यांतलं एक होतं, "किल्ली कुठे ठेवतोस हल्ली?" प्रेक्षक तिथे गप्प व्हायचे. तेव्हापासून सिनेमात भाऊ बोलायला लागले आणि मागून व्हायोलिन सुरू झालं, की मी समजतो, लेखकाला वाक्यं गाळायचं धाडस झालेलं नाही.

*

माझे दोन मुलगे. दोघांना हट्टाने असाच एक सिनेमा बघायला नेलं, मधल्या खुर्चीत मी. हेतू काय होता ते सांगायला नको. बाहेर आल्यावर थोरला म्हणाला, थोरल्याचं बरोबर होतं. धाकटा म्हणाला, धाकट्याचं. घरी पोचेपर्यंत तेच चाललं होतं. सिनेमाबद्दल विचाराल तर भिकार.

*

मी वरचाच, सात वर्षंवाला. काल वहिनीचा फोन आला होता. कागदांचंच काम होतं. बोलता बोलता म्हणाली, परवा ह्यांनी तो भावांचा सिनेमा पाहिला. मी विचारलं, कसा वाटला म्हणे?

"अर्ध्यातून उठून आले. म्हणाले, असं कुठे बोलतात का भाऊ!"

मागून खाकरल्याचा आवाज आला.