गमाल अब्देल-रहीम यांचा मार्ग: मकामातून बहुस्वरी संगीत घडते की मकामच त्यात हरवतो?

पूर्वांग (चर्चाप्रस्ताव)

अरबी मकाम-पद्धती (आपल्या रागांसारखी स्वरव्यवस्था) आणि युरोपीय शास्त्रीय संगीत एकत्र आणणाऱ्या संगीतकारांचा विषय निघाला की बहुधा ऊद (छेडून वाजवायचे अरबी तंतुवाद्य) आणि ऑर्केस्ट्रा एका मंचावर बसवलेल्या मैफिलींचीच चर्चा होते. माझ्या मते त्याहून अवघड आणि अधिक टिकाऊ काम कैरोच्या गमाल अब्देल-रहीम (१९२४–१९८८) यांनी केले, आणि त्यातले निम्मे त्यांनी वर्गात केले. कैरो विद्यापीठात इतिहासाचे शिक्षण घेतल्यानंतर ते १९५०च्या दशकात जर्मनीत गेले, फ्रायबुर्ग येथे हाराल्ड गेन्त्समर यांच्याकडे रचनाशास्त्र शिकले, आणि मायदेशी परतल्यावर १९५९ साली स्थापन झालेल्या कैरो कॉन्झर्व्हेटरीत (पाश्चात्त्य पद्धतीच्या संगीत महाविद्यालयात) अध्यापक झाले. पुढे तेथील रचना विभाग त्यांनीच उभारला. गेन्त्समर हे जर्मन संगीतकार पाउल हिंडेमिट यांचे शिष्य, आणि हिंडेमिट स्वतः १९३२ सालच्या कैरो येथील अरबी संगीत परिषदेला उपस्थित होते. त्या परिषदेत जे प्रश्न अनिर्णित राहिले, त्यांतील एक या नात्याने फिरून पुन्हा कैरोतच आला, असे म्हणायला हरकत नाही.

प्रश्न असा, की मकाम हा एकरेषीय विचार आहे. तीन, चार किंवा पाच स्वरांचे ‘जिन्स’ जोडून तो बनतो, आणि कोणत्या जिन्समधून कोणत्या जिन्सकडे कसे जायचे, कोठे थांबायचे, याची ठरलेली चाल, म्हणजे ‘सैर’, त्याला ओळख देते. त्याला दुसरा आवाज जोडायचा तर तो आणायचा कोठून? कॉन्झर्व्हेटरीचे पहिले अधिष्ठाता अबू बक्र खैरत (१९१०–१९६३), जे व्यवसायाने वास्तुविशारदही होते, यांच्या पिढीने इजिप्शियन चाली घेऊन त्यांना एकोणिसाव्या शतकातील युरोपीय हार्मनीचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाचा, आधार दिला. ते संगीत कानाला गोड लागते, परंतु खालचा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरगुच्छ) आला की वरची चाल मेजर किंवा मायनर या युरोपीय स्वरसप्तकांतली ऐकू येऊ लागते. अब्देल-रहीम यांनी हा तयार आधार नाकारला. मकामाची स्वतःची अंतरेच उभी मांडून त्यांतून कॉर्ड घडवायचे, आणि शक्यतो कॉर्डऐवजी दोन-तीन स्वतंत्र चालींची गुंफण करायची, ही त्यांची दिशा होती. हिजाझ मकामाचा खालचा जिन्स आपल्याला भैरवातील सा, कोमल रे, शुद्ध ग, म यांवरून सहज कळेल. त्यातील दीड स्वराचे अंतर युरोपीय नियमांत चुकवायचे असते. येथे ते बांधकामाचा मुख्य दगड होते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की दोन परंपरांचे मीलन घडवायचे असेल तर ते रचनेच्या व्याकरणात व्हावे लागते, वाद्यांच्या यादीत नव्हे. आणि ते शिकवता येण्याजोगे करणे हे अब्देल-रहीम यांचे खरे कर्तृत्व आहे. आपणांस काय वाटते?

खर्जसाधक

लेख विचारपूर्वक लिहिलेला आहे, पण उदाहरण म्हणून आपण नेमका हिजाझच निवडावा, यातच माझ्या आक्षेपाचे मूळ आहे. हिजाझ, नहावंद, अजम, कुर्द हे मकाम पियानोच्या बारा पट्ट्यांवर कसेबसे बसतात, म्हणून त्यांच्याविषयी बोलणे सोपे जाते. अरबी संगीताचा पाया मात्र रास्त आणि बयाती यांच्यावर उभा आहे, आणि या दोहोंत पाऊण स्वराची अंतरे आहेत. रास्तमधील तिसरा स्वर आपल्या शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मध्ये कोठेतरी पडतो. हे ‘कोठेतरी’ मी बेफिकिरीने लिहिलेले नाही. कैरो, अलेप्पो आणि इस्तंबूल येथे तो स्वर वेगवेगळ्या उंचीवर लागतो, आणि एकाच गावात, एकाच गायकाच्या गळ्यात, रास्तमध्ये तो थोडा चढा आणि बयातीत थोडा उतरता असतो.

अब्देल-रहीम यांनी पियानोसाठी लिहिले, व्हायोलिन आणि पियानो यांच्यासाठी सोनाटा लिहिला. पियानो असलेल्या रचनेत तो स्वर येऊच शकत नाही, कारण त्या वाद्यात तो नाहीच. मग ज्या व्याकरणाचा आपण गौरव करता, ते अर्ध्या भाषेचे व्याकरण ठरते. जे मकाम वाद्याला सोयीचे होते ते समोर आले आणि जे गैरसोयीचे होते ते मागे राहिले; ही निवड कोणी जाहीर केली नसेल, पण चाळीस वर्षे कॉन्झर्व्हेटरीत पियानोवर कान तयार केलेल्या विद्यार्थ्याला बयातीचा दुसरा स्वर बेसूर वाटू लागला, तर त्याचा दोष विद्यार्थ्याचा नसतो.

सरधोपट

व्याकरणाची चर्चा तज्ज्ञांनी करावी. मला साधा प्रश्न विचारायचा आहे, की हे संगीत ऐकले कोणी? अरबी आणि पाश्चात्त्य यांचे मिश्रण इजिप्तमध्ये संगीतकार मोहम्मद अब्देल वहाब यांनी केले आणि ते रस्त्यारस्त्यांवर वाजले. १९६४ साली त्यांनी प्रख्यात गायिका उम्म कुल्सूम यांच्यासाठी ‘इन्ता ओमरी’ ही चाल बांधली, त्यात इलेक्ट्रिक गिटार घेतली, मागे व्हायोलिनांचा ताफा, चेलो आणि डबल बास होतेच. कोणत्याही विभागाची स्थापना न करता मीलन झाले, आणि अरब जगातील कोट्यवधींनी ते आपले म्हणून स्वीकारले. अब्देल-रहीम यांचे नाव कैरोतील टॅक्सीचालकाला विचारून पाहावे.

पूर्वांग

सरधोपट, लोकप्रियता हा निकष धरायचा तर ही चर्चाच संपते, परंतु आपण दिलेले उदाहरण मला उपयोगाचे वाटते. अब्देल वहाब यांच्या काळात जुन्या ‘तख्त’ या छोट्या वाद्यमेळाची जागा ‘फिर्का’ या मोठ्या वाद्यवृंदाने घेतली. तख्तात ऊद, कानून (अनेक तारांचे वाद्य), नाय (बासरी), व्हायोलिन आणि रिक्क (खंजिरी) अशी मोजकी वाद्ये असत, आणि प्रत्येक वादक तीच चाल आपापल्या अलंकारांनी, किंचित पुढेमागे वाजवीत असे. त्या बारीक विसंवादातच त्या संगीताचा जीव होता. फिर्क्यात वीस व्हायोलिने एकच ओळ लिहिल्याबरहुकूम एकत्र वाजवतात. म्हणजे जे मिश्रण ‘आपोआप’ झाले त्यानेही काहीतरी हिरावून घेतले, आणि जे हिरावले गेले ती अरबी संगीताची स्वतःची अनेकस्वरी जाण होती. अब्देल-रहीम यांच्या गुंफणीत निदान प्रत्येक वादकाला पुन्हा स्वतःची ओळ मिळते.

श्रोत्यांविषयी म्हणाल, तर त्यांचे विद्यार्थी राजेह दाऊद यांनी १९९१ सालच्या ‘किट कॅट’ या इजिप्शियन चित्रपटाला संगीत दिले, आणि तो चित्रपट तेथे आजही पाहिला जातो. शिक्षकाचे काम पुष्कळदा असेच, दुसऱ्याच्या नावाने, लोकांपर्यंत पोहोचते.

खर्जसाधक यांच्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पियानोपुरता तो खरा आहे. पण व्हायोलिन, चेलो आणि मानवी कंठ यांना पडदे नसतात, आणि त्यांच्यासाठी लिहिताना हा अडसर वाद्याचा राहत नाही, रचनाकाराच्या धाडसाचा राहतो.

मिरजेचा_श्रोता

हा वाद आपल्याकडेही होऊन गेलेला असल्यामुळे थोडी भर घालतो. १९३२च्या परिषदेत पाव स्वर वाजवू शकणारे पियानो मांडले गेले होते, आणि सप्तकाचे चोवीस समान भाग करावेत या प्रस्तावावर घनघोर चर्चा झाली. स्वरसमितीत एकमत झाले नाही. गंमत अशी, की इजिप्शियन सदस्यांपैकी अनेक जण पियानो घ्यायला उत्सुक होते, आणि कुर्ट साक्स यांच्यासारखे युरोपीय विद्वान त्यांना ‘घेऊ नका’ म्हणून विनवीत होते. जुने ते जपावे असे सांगणारे पाहुणे आणि नवे ते हवे म्हणणारे यजमान, हे चित्र पुढे अनेक देशांत दिसले.

त्याच्या वीस वर्षे आधी आपल्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींचा हिशोब मांडला होता, आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुती-हार्मोनियम तयार करवून घेतले होते. ते वाद्य मैफिलीत रुजले नाही. उलट साधी पेटी, जिच्यावर १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीने बंदी घातली होती, ती रुजली, कारण गायक स्वर स्वतःच्या गळ्याने लावतो आणि पेटी फक्त त्याच्या मागे सावलीसारखी राहते. दरबारीचा आंदोलित गंधार पेटीत नाही. म्हणून तो गाणाऱ्याने सोडला, असे घडले नाही.

यावरून मी दोन निष्कर्ष काढतो, आणि ते दोन्ही पक्षांना आवडणार नाहीत. चोवीस काय किंवा बावीस काय, पट्ट्या वाढवून हलता स्वर पकडता येत नाही, त्यामुळे अब्देल-रहीम यांनी पाव स्वरांच्या पियानोच्या मागे न लागणे शहाणपणाचेच होते. मात्र पेटी निभावून गेली ती दुय्यम राहिल्यामुळे. हार्मनीत आणि काउंटरपॉइंटमध्ये (स्वतंत्र चालींच्या गुंफणीत) कोणताच आवाज दुय्यम नसतो. सगळ्यांना एकाच क्षणी एकमेकांशी जुळावे लागते, आणि जुळायचे म्हटले की हलता स्वर कोठेतरी खिळवावा लागतो. हा अडसर धाडसाने दूर होणारा नाही.

दहा_मात्रा

आतापर्यंत सगळे जण रचनेविषयी बोलत आहेत. मला शिक्षणाविषयी बोलायचे आहे, कारण माझ्या मते चूक तेथे झाली, आणि ती एका व्यक्तीची नव्हती. कैरोत कॉन्झर्व्हेटरी एका बाजूला आणि १९६७ साली निघालेली अरबी संगीताची उच्च संस्था दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी झाली. दोन्ही एकाच कला अकादमीच्या छत्राखाली असल्या तरी एका ठिकाणी चेलो शिकणारा विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणच्या ऊदवादकाकडे तकासीम (मकामातील उत्स्फूर्त, आलापासारखे वादन) शिकायला रोज जात नाही. अशा व्यवस्थेत रचनाकाराला मकाम कागदावर भेटतो.

याच्या अगदी उलट वाट सायमन शाहीन यांची आहे. १९५५ साली गॅलिलीतील तर्शीहा या पॅलेस्टिनी गावात त्यांचा जन्म झाला. वडील हिकमत शाहीन हे ऊदवादक आणि संगीतशिक्षक होते, त्यामुळे ऊद घरात आणि पाश्चात्त्य व्हायोलिन शाळेत, असे दोन्ही त्यांना बालपणीच मिळाले. १९८०मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, १९८२मध्ये त्यांनी आपला वाद्यवृंद स्थापन केला, आणि १९९७पासून मॅसॅच्युसेट्समधील माउंट होल्योक महाविद्यालयात अरबी संगीताचे निवासी शिबिर सुरू केले. तेथे पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले व्हायोलिनवादक येतात आणि पहिल्यांदा कानाने शिकतात. अरबी पद्धतीत व्हायोलिनच्या वरच्या दोन तारा उतरवून सोल-रे-सोल-रे (युरोपीय स्वरनावे, म्हणजे जी-डी-जी-डी) अशी जुळणी करतात. त्यामुळे मोकळी तार सतत घुमत राहते आणि बोटाला रास्तचा तिसरा स्वर तिच्या आधाराने शोधावा लागतो. समाई या अरबी तालाच्या दहा मात्रांचा तोल तर मोजून येतच नाही, तो शरीरात उतरावा लागतो. (माझे येथील नाव त्यावरूनच घेतले आहे.)

शाहीन यांनी विश्वमोहन भट्ट यांच्याबरोबर ‘सल्तना’ हे ध्वनिमुद्रण केले, ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना माझा मुद्दा लगेच कळेल. ऊदला पडदे नाहीत आणि मोहनवीणा तारेवरून सरकवून वाजते, त्यामुळे दोघांनाही हवा तो स्वर हवा तेथे लावता येतो. कोणी कोणासाठी आपला स्वर खिळवला नाही. आधी दोन्ही परंपरांत कान तयार करावा आणि मग लिहावे, हाच क्रम मला योग्य वाटतो.

पूर्वांग

दहा_मात्रा यांनी संस्थांच्या विभागणीविषयी जे लिहिले ते मला मान्य आहे. परंतु शाहीन यांच्या शिबिरातून उत्तम वादक तयार होतात. तेथून बाहेर पडलेला माणूस चार आवाजांची, लिहिलेली, मकामातून उगवलेली रचना कशी करील, याचे उत्तर त्यात मिळत नाही. ‘सल्तना’त दोन कलावंत एकमेकांचे ऐकून वाजवतात, आणि त्याला मीलन म्हणायचे की उत्तम सोबत, हा प्रश्न मी मुद्दाम उघडा ठेवतो. हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक यांनी लोकगीतांच्या चालींतूनच त्यांची हार्मनी काढली आणि त्यातून हंगेरीला स्वतःचे लिखित संगीत मिळाले. कैरोला ते मिळू नये असे कोणत्या न्यायाने म्हणायचे?

खर्जसाधक

बार्टोक यांचे नाव आले, हे बरे झाले. ते फोनोग्राफ घेऊन गावोगावी फिरले. १९१३ साली अल्जीरियातील बिस्क्रा परिसरात जाऊन त्यांनी अरबी लोकसंगीतही ध्वनिमुद्रित केले. त्यांच्या हार्मनीच्या आधी वर्षानुवर्षांचे ऐकणे होते, म्हणजेच दहा_मात्रा सांगतात तोच क्रम. शिवाय हंगेरीच्या ज्या पंचस्वरी चाली त्यांनी वापरल्या त्या पियानोच्या पट्ट्यांवर बव्हंशी बसतात. बयाती बसत नाही, आणि म्हणून हंगेरीचा दाखला कैरोला जसाच्या तसा लागू होत नाही.

कैरोला लिखित संगीत मिळू नये असे मी कोठेही म्हटलेले नाही. माझी अट एवढीच आहे, की अशा एखाद्या रचनेतील कोणतीही एक ओळ काढून जुन्या वळणाच्या ऊदवादकापुढे ठेवावी, आणि त्याने ती वाजवताना मकामाचे नाव न विचारता ओळखावे. पूर्वांग, आपण अब्देल-रहीम यांच्या रचना माझ्यापेक्षा अधिक ऐकल्या आहेत. पियानो नसलेली, तारवाद्यांसाठी किंवा वृंदगायनासाठी लिहिलेली त्यांची जी रचना या कसोटीला उतरेल असे आपणांस वाटते, तिचे नाव येथे लिहा. ती ऐकून मग मी पुढचा प्रतिसाद देतो.