क्लबहाऊसच्या फ्रीजमधलं उरलेलं चीज

शुभदा, ए-२०४: क्लबहाऊसचा फ्रीज उघडला की वास भपकन नाकात जातो. कालच्या कार्यक्रमातलं चीज क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून आत ठेवलंय. निळ्या बुरशीचं गोर्गोन्झोला साधारण २०० ग्रॅम, मऊ कॅमेम्बेर चीजची अर्धी चकती आणि उग्र वासाच्या लिम्बर्गर चीजचा १०० ग्रॅमचा तुकडा. टाकायचं का?

मिलिंद, सी-७०२: टाकू नका. आधी सांगा, टेबलावर किती वेळ होतं? मऊ चीज दोन तासांच्या वर बाहेर राहिलं असेल तर मात्र विषय संपला.

शुभदा, ए-२०४: तासाभरात आत गेलं. एसीही चालू होता.

मिलिंद, सी-७०२: मग ठीक. पहिलं काम म्हणजे ती फिल्म काढा. या चीजमधली बुरशी आणि जिवाणू फ्रीजमध्येही काम करत असतात, त्यातून ओलावा आणि अमोनिया सुटतो. फिल्ममध्ये तो कोंडला की कडा बुळबुळीत होतात आणि वास दुप्पट वाटतो. बटर पेपरमध्ये गुंडाळा, टोकं पिळू नका, नुसती दुमडा. मग काचेच्या डब्यात ठेवून झाकण लावा. कागदामुळे चीजला हवा मिळते, डब्यामुळे वास आत राहतो. एक दिवसाआड डबा मिनिटभर उघडायचा, कागद ओलसर लागला तर बदलायचा.

तिघांना तीन डबे हवेत. गोर्गोन्झोलाची निळी बुरशी शेजारच्या चीजवर सहज पसरते.

सुनीती काकू, बी-१०१: स्टीलचा डबा चालेल ना? आणि ठेवायचा कुठे?

मिलिंद, सी-७०२: चालेल काकू. प्लास्टिकचा नको, त्यात वास मुरतो, मग घासूनही जात नाही. भाजीच्या ट्रेमध्ये ठेवा, तिथे गारवा बेताचा आणि हवा दमट असते. दारात नको, सारखी उघडझाप होते. लोणी, सायीचं पातेलं, मळलेली कणीक झाकलेली हवी. स्निग्ध पदार्थ वास पटकन ओढून घेतात.

रोहिणीताई, डी-५०३: कॅमेम्बेरला फिनेलसारखा झणझणीत वास येतोय. गेलं का ते?

मिलिंद, सी-७०२: तो अमोनिया. कागद उघडून पाऊण तास बाहेर ठेवा. वास उतरला तर खा, तसाच राहिला किंवा चव जिभेला चरचरली तर टाका. गुलाबी किंवा काळे ठिपके दिसले तरी टाकायचंच. मऊ चीजमध्ये बुरशीचे धागे आतवर गेलेले असतात, नुसतं वरचं कापून उपयोग नाही. पार्मेजानसारख्या कडक चीजची गोष्ट वेगळी, तिथे डागाच्या भोवती आणि खाली इंचभर कापून बाकीचं वापरता येतं. लिम्बर्गरची नारिंगी चिकट साल बघून घाबरू नका, ती तशीच असते. तिच्यावर ब्रेव्हिबॅक्टेरियम नावाचे जिवाणू असतात. त्यांचेच भाऊबंद माणसाच्या पायावर राहतात, म्हणून मोज्यांची आठवण होते 😀 वासाचा मोठा भाग सालीतच असतो. सुरीने साल काढली की आतलं चीज बरंच सौम्य लागतं.

कल्पेशभाई, बी-४०२: हे सगळं व्हेज आहे ना?

मिलिंद, सी-७०२: पारंपरिक गोर्गोन्झोलात वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं एन्झाइम, असतं. लेबलवर मायक्रोबियल रेनेट लिहिलेलं नसेल तर तुम्ही घेऊ नका.

वैशाली, ए-६०१ (फार्मसी): गरोदर असाल तर ही तिन्ही चीज कच्ची खायची नाहीत. वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनीही नाही. लिस्टेरिया हा आजार पसरवणारा जिवाणू फ्रीजच्या गारव्यातही वाढतो. पदार्थ आतपर्यंत वाफाळेल इतका गरम झाला तर चालतं. शिवाय टीबीसाठी आयसोनियाझिड किंवा लिनेझोलिड चालू असेल तर मुरलेलं चीज टाळा. त्यातल्या टायरामीन नावाच्या घटकामुळे या औषधांबरोबर रक्तदाब एकदम चढू शकतो.

सागर, डी-२०१: संपवायचं कसं ते सांगा. गोर्गोन्झोलाचा सॉस केला की हमखास फुटतो.

मिलिंद, सी-७०२: उकळता म्हणून फुटतो. आपल्याकडच्या पॅकेटमधल्या फ्रेश क्रीममध्ये फॅट जेमतेम २५ टक्के, त्यामुळे ते जास्त उष्णता सोसत नाही. १५० मिली क्रीम मंद आचेवर ठेवा, कडेला बुडबुडे आले की गॅस बंद. मग १०० ग्रॅम गोर्गोन्झोला चुरून घाला आणि ढवळत राहा. पास्ता उकडलेलं पाणी दोन-तीन चमचे घाला, त्यातल्या स्टार्चमुळे सॉस धरून राहतो. मीठ अजिबात नको, चीजमध्ये भरपूर आहे. २५० ग्रॅम पास्त्याला पुरतो.

उरलेलं १०० ग्रॅम २०० ग्रॅम मऊ लोण्यात कालवा, बटर पेपरमध्ये वळकटी करा आणि फ्रीझरमध्ये टाका. भाजलेल्या बटाट्यावर किंवा मक्याच्या गरम कणसावर एक चकती ठेवायची. दीड-दोन महिने टिकतं. नुसतं चीज गोठवलं तर भुसभुशीत होतं, ते फक्त शिजवायच्या कामाचं.

रोहिणीताई, डी-५०३: पराठ्यात?

मिलिंद, सी-७०२: एक भाग गोर्गोन्झोला, चार भाग उकडलेला बटाटा. बटाटा पूर्ण गार हवा, नाहीतर चीज लाटतानाच वितळून फुटतं. गरम मसाला घालू नका, चीजची चव मरते.

कॅमेम्बेरचं ओबात्स्डा करा, म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरियात ब्रेडला लावून खातात ते कुस्करलेलं चीज. १२५ ग्रॅम चीज, ५० ग्रॅम मऊ लोणी, अर्धा चमचा पाप्रिका, चिमूटभर कॅरावे (जिऱ्यासारखं दिसणारं बी), चमचाभर बिअर. बिअर नको असेल तर दूध. काट्याने कुस्करायचं, मिक्सरमध्ये त्याची लापशी होते. कांदा खातेवेळीच, आधी घातला तर कडवटतो.

सुनीती काकू, बी-१०१: आणि ते मोजेवालं?

मिलिंद, सी-७०२: काकू, ते गरम करू नका एवढीच विनंती. आपल्या किचन चिमणीचे पाइप इमारतीच्या डक्टमध्ये उघडतात, वास सात मजले चढेल. जर्मन पद्धत सोपी आहे: राय ब्रेड, मोहरीची चटणी, कच्च्या कांद्याच्या चकत्या, वर लिम्बर्गर.

सागर, डी-२०१: ते मी नेतो. सातला येतो.

शुभदा, ए-२०४: फ्रीजचं काय करू? डेटॉलने पुसू?

मिलिंद, सी-७०२: नको, वासावर वास. लिटरभर कोमट पाण्यात चार मोठे चमचे खाण्याचा सोडा. दाराच्या रबराच्या घड्यांमधून फडकं फिरवा, वास तिथेच दडतो. आत वाटीभर ॲक्टिव्हेटेड चारकोल ठेवा. टाकायचं चीज कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात, गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये नको, उंदीर येतात. डब्यांवर आजची तारीख घाला. कॅमेम्बेर चार-पाच दिवसांत संपवा, गोर्गोन्झोला आठवडाभर थांबेल. सागर, लिफ्टमध्ये डबा उघडून बघू नकोस.