दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांशिवाय डोंगरावर पाठवावं का?

वाईची लेक
सुट्टीला मुलाला घेऊन माहेरी आलेय. तो दहाचा, मामेभाऊ बाराचा. दोघांना सोनजाईच्या डोंगरावर करवंदं काढायला जायचंय, आणि बरोबर मोठं कुणी नको म्हणतात.

१९९४ च्या सुमारास आम्ही चौघी त्याच डोंगरावर जायचो. पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात करवंदं. तोंडात टाकण्याआधी विचारायचं, "कोंबडा की कोंबडी?" मग दातानं अर्धं तोडून बघायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट तर कोंबडी. चुकलं की करवंद समोरचीचं. चिकानं ओठ चिकटून बसायचे.

बाबांचं तर निम्मं बालपण विहिरीत गेलं. पोहायला शिकवायला आजोबांनी पाठीला पांगिऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधला आणि दिलं ढकलून. ती विहीर आता बुजवलीय, शेजारी बोअर आहे.

माझा मुलगा पुण्यात सोसायटीच्या फाटकाबाहेर कधी एकटा गेलेला नाही. मला त्याला पाठवायचंय, पण काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुम्ही काय केलंत?

पन्हाळ्याचा बाप
ताई, मी लेकीबरोबर आधी दोनदा गेलो, मग शंभर पावलं मागं राहिलो, मग पायथ्यालाच बसलो. दोघांपेक्षा तिघं बरे. कुणाला लागलं तर एक जवळ थांबतो, एक खाली धावतो. सकाळी सहाला निघू देत, पायात बूट हवेतच. करवंदीच्या जाळीत हात घालण्याआधी काठी आपटायला शिकवा. फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, बुडाशी पाचोळ्यात असतं, दिसत नाही.

साताऱ्याची आक्का
आमच्या वेळी मोकळीक होती म्हणतात, पण वाटेवर गुराखी असायचे, मोळी आणणाऱ्या बाया असायच्या. "कुणाची गं तू?" विचारायच्या, आणि आपण घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असायची. आता त्या वाटेवर कुणी नसतं. तेव्हा बाई, तुझी भीती खोटी नाही.

अजून एक. मी बाराव्या वर्षी शहाणी झाले आणि माझा डोंगर बंद झाला. भाऊ जात राहिले. त्या वर्षी दारात बसून भावाच्या टोपीतली करवंदं खाल्ली, ती अजून आठवतात. घरात भाची असेल तर तिलाही पाठव.

वाईची लेक
आक्का, भाची आहे, अकराची. तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

आज तिघं गेले. मी पायथ्याला चिंचेखाली बसून होते. पावणेदहाला उतरताना दिसले, भाची पुढं, हातावर काट्यांचे ओरखडे. कोंबडा-कोंबडी मी शिकवणार होते, ते तिनंच वर शिकवलं होतं. उद्या परत जाणार आहेत, मी घरीच थांबेन.

काका, काठी आपटली म्हणे, प्रत्येक जाळीला.

मुलाच्या शर्टाला चीक लागून काळा पडलाय. कशानं निघेल?